जर्मन 'लिंडे' म्हणजे लिंबाचं झाड का?

लाइपझिगकर_नवा:
मंडळी, इथे आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी लिंडेची झाडं आहेत, आणि ऑफिसातला एक इंग्लिश कलीग त्यांना लाइम ट्री म्हणतो. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणे मग लोणचं घाल की! पण लिंबं कुठायत, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची पानं आणि वाटाण्याएवढ्या फळांचे घोस. भानगड काय आहे? आणि लिंडे, लिंडेन, लिंडनर सगळं एकच का?

शब्दकिडा:
लिंबाशी काडीचा संबंध नाही हो. जुन्या इंग्लिशमध्येही झाडाचं नाव 'लिंड'च होतं, त्याचं पुढे 'लाइन' झालं आणि मग 'लाइम'. फळवालं लाइम अरबीतून युरोपात आलं, ते आपल्या लिंबाच्या घराण्यातलं. आपल्याकडे तरी काय, कडुलिंबातला लिंब म्हणजे संस्कृत निंब, सरबताचं लिंबू निराळं. लिंडेन हे जर्मनमध्ये अनेकवचन, म्हणून बर्लिनचा उंटर डेन लिंडेन हा रस्ता, म्हणजे 'लिंडेंच्या खाली', तिथे 1647 मध्ये ही झाडं लावली होती. लिंडनर म्हणजे लिंडेपाशी राहणारा. आणि मजा म्हणजे जुन्या इंग्लिश काव्यात 'लिंड' म्हणजे चक्क ढाल, कारण ढाली याच लाकडाच्या, हलकं असतं आणि पटकन चिरत नाही.

रानवाटा:
लिनियसला विसरलात की! वनस्पतींची शास्त्रीय नावं लावायची पद्धत बसवणारा तोच. स्वीडनमध्ये तेव्हा बापाच्या नावावरच काम चालायचं, त्याच्या वडिलांना युनिव्हर्सिटीत जाताना कायमचं आडनाव हवं होतं तेव्हा त्यांनी घरच्या जमिनीवरच्या मोठ्या लिंडवरून लिनियस असं लॅटिन नाव केलं. म्हणजे सगळ्या झाडांना नावं देणाऱ्याचंच नाव झाडाचं. पण त्याने या झाडाला दिलं टिलिया, ते जुनं लॅटिन. आणि लाइपझिग हे नावही लिंडेचंच मानतात, फक्त जर्मन नाही, स्लाव्ह भाषेतल्या 'लिपा'वरून, लिपा म्हणजे हेच झाड.

लाइपझिगकर_नवा:
भारीच! म्हणजे शहर पण लिंडेचं, गल्ली पण लिंडेची.

जर्मनीवाली_ताई:
नावाचं राहू दे, उन्हाळ्यात गाडी त्या झाडाखाली लावू नकोस. पानांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडतो आणि त्याचा चिकटा टपटप गळतो, काच पुसून पुसून हात दुखतात, वर धूळ बसली की मग बघायलाच नको. फुलं मात्र जून-जुलैत काय घमघमतात! वाळवलेली फुलं सुपरमार्केटात चहाच्या रॅकवर मिळतात, लिंडेनब्ल्यूटेन म्हणून बघ, इथल्या आज्या सर्दी झाली की तोच काढा देतात.