मदत हवी आहे: स्वतःच्याच नागरिकाला परदेशात मारणं, भाचीच्या बाजूने मुद्दे सुचवा

मंडळी, इथे इंदूरला रविवारी आमच्या मंडळात वादविवाद आहे. दहशतवादाचा संशय असलेल्या स्वतःच्या नागरिकाला सरकारने परदेशात ठार मारावं का? लॉ करणाऱ्या भाचीला 'मारावं' ही बाजू आलीये आणि तयारी करून घेणारा मी पक्का विरोधात. काल सराफ्यातून आणलेला भुट्ट्याचा कीस गार झाला, वाद काही मिटला नाही.

अडलंय ते अल-कायदाचा प्रचारक अन्वर अल-अवलाकीवर. जन्म न्यू मेक्सिकोतला, म्हणजे अमेरिकी नागरिक. ३० सप्टेंबर २०११ ला अमेरिकेनेच त्याला येमेनमध्ये ड्रोनने मारला. दोन आठवड्यांनी दुसऱ्या हल्ल्यात त्याचा १६ वर्षांचा मुलगाही गेला, तोही अमेरिकी. भाची म्हणते, येमेनच्या डोंगरात पकडायला कोण जाणार होतं? धोका डोक्यावर असताना खटल्याची वाट बघायची?

मला खटकतं ते वेगळंच. अवलाकी जिवंत असताना, २०१० मध्येच, त्याचे वडील अमेरिकेत कोर्टात गेले होते. डिसेंबरात न्यायाधीश बेट्स यांनी दावा फेटाळला: मुलाच्या वतीने दाद मागायचा वडिलांना अधिकार नाही, आणि हा विषय कोर्टाचा नाही. पण त्याच निकालात त्यांनी विचारलंय, परदेशातल्या अमेरिकी माणसावर पाळत ठेवायला कोर्टाची परवानगी लागते, मग मारायला का नाही? आणि दावा दाखल झाल्यावर वर्षभराने मारला. वर्षभर पुरणारी ही कसली तातडी?

इथवर मी जिंकत होतो. मग ती म्हणाली, "मामा, तो येमेनी असता तर तू गप्पच बसला असतास ना?" बसलो असतो, खरंय. आपल्या राज्यघटनेच्या कलम २१ मध्येही, म्हणजे जगण्याच्या हक्कात, शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. मग पासपोर्टाने नेमका फरक काय पडतो? यावर जाणकारांनी लिहावंच.

तिला ब्रिटनचं उदाहरणही चालेल का? कार्डिफचा, आयसिसमध्ये गेलेला ब्रिटिश नागरिक रेयाद खान, ऑगस्ट २०१५, सीरियात ब्रिटिश हवाई दलाच्या ड्रोनने मारला. तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरन यांनी संसदेला सांगितलं ते नंतर, स्वसंरक्षण म्हणून.

शिवाय 'ड्यू प्रोसेस'ला, म्हणजे शिक्षेआधी कायद्याने रीतसर बाजू ऐकून घेण्याला, बोलताना जीभ अडखळणार नाही असा मराठी शब्द हवाय. 'उचित प्रक्रिया' म्हटलं की दूध तापवल्यासारखं वाटतं.

शनिवार संध्याकाळपर्यंत सांगा. पाच मिनिटं मिळतात, चौथ्याला घंटा. आणि कृपा करून एन्काउंटरची उदाहरणं नकोत, परीक्षक निवृत्त पोलीस अधिकारी आहेत.