मदत हवी आहे: बाबांना माणसांत कसं आणावं? (मानेवाडा, नागपूर)

मंडळी, आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात. दर मंगळवारी सीताबर्डीच्या टेकडी गणपतीला जातात, पोथी चुकत नाही. तरी सकाळी चहाचे दोन कप काढतात अन् एक परत ठेवतात. परवा म्हणाले, "देव आहे न बापा, पण बोलाले कोण आहे?"

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९६७ मध्ये मनापासूनची श्रद्धा आणि सोयीची श्रद्धा असा फरक मांडला होता. बाबांची पहिलीच. पण तिनं माणसांची उणीव भरत नाही, असं वाटतं. त्यात निवृत्त शिक्षक. 'आता माझा उपयोग काय' हे पालुपद. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला तर म्हणे, "मी काय पागल आहो?"

जवळपास रोज जमणारं भजनी मंडळ, किंवा त्यांना मुलांना शिकवता येईल अशी जागा आहे का? 'वेळ हेच औषध' सोडून काहीही सांगा.