समुद्रतळ वाढतो की दबतो?

प्रश्न

एका भाषांतराची मुद्रितं तपासते आहे. एका परिच्छेदात 'हिमनद्या वितळल्याने समुद्रतळ वाढत आहे' असं आहे आणि लगेच पुढच्यात 'पाण्याच्या भाराने समुद्रतळ खचतो'. दोन्ही खरं कसं असेल? समुद्रतळ, समुद्रपातळी, समुद्रसपाटी यांत फरक कसा करावा?

प्रतिसाद

घटना दोन्ही खऱ्या आहेत, शब्द पहिल्या वाक्यात चुकलाय. हिंदीत 'समुद्र तल' म्हणजे पाण्याची पातळी. तोच शब्द 'ळ' लावून मराठीत आला असावा. संस्कृत 'तल' शब्दाला पृष्ठभाग आणि बूड असे दोन्ही अर्थ आहेत. भूतल, धरातल यांत आपणही पृष्ठभागाचा अर्थ राखला. पण 'ल'चा 'ळ' झाला की मराठी माणूस थेट खाली पोचतो: विहिरीचा तळ, तळपाय, तळ गाठणं. तेव्हा समुद्रतळ म्हणजे पाण्याखालची जमीन, दुसरं काही नाही.

सपाटी हा उंची मोजायचा आधार, म्हणून 'समुद्रसपाटीपासून इतके मीटर'. पातळी चढते-उतरते. 'समुद्रसपाटी वाढली' हे मला खटकतंच.

तुमच्या लेखात हा घोळ राहू देऊ नका, कारण इथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी हलतात. जमिनीवरचा सुमारे 360 अब्ज टन बर्फ वितळून समुद्रात गेला की जगभरची पातळी सरासरी 1 मिलिमीटर चढते. त्या पाण्याचा भार तळावर पडतो आणि तळ किंचित दबतो. 1993 ते 2014 या काळाबद्दलचा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार तळ सरासरीने वर्षाला साधारण 0.1 मिलिमीटर खाली गेला. उपग्रह पाण्याचा वरचा पृष्ठभाग तेवढा मोजतात, बूड खाली गेलेलं त्यांना दिसत नाही. म्हणून समुद्रात जितकं पाणी खरोखर वाढलं त्यापेक्षा त्यांचा आकडा सुमारे 8 टक्क्यांनी कमी भरतो. पातळीला तळ म्हटलं, तर हे वाक्य मराठीत लिहिताच येणार नाही!

आणि 'खचतो'ही नको. खचलेली भिंत परत उभी राहत नाही. इथे भार पडला की जमीन वाकते, भार गेला की उचलली जाते. स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताचा तळ अजून वर येतो आहे, काही ठिकाणी वर्षाला 9 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याच्यावरचा बर्फ जाऊन सुमारे दहा हजार वर्षं झाली. 'दबतो' आणि 'उचलला जातो' ही जोडी वापरा.

प्रतिसाद

लेखात 'हिमनग वितळून पातळी वाढते' असं कुठे असेल तर तेही तपासा. तरंगता बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच सारून बसलेला असतो, त्यामुळे तो वितळल्याने पातळीत जवळजवळ फरक पडत नाही. फरक पडतो तो जमिनीवरच्या हिमनदीने.

हिमनग शब्द मला फार आवडतो. नग म्हणजे पर्वत, 'न गच्छति', जो जात नाही तो. आणि हा तर समुद्रभर फिरतो! उथळ समुद्रात त्याचं बूड तळाला लागतं, तिथे लांबच लांब चर पडतात. वितळताना पोटातले दगडगोटे सोडतो, ते खोल समुद्राच्या गाळात सापडतात. भूशास्त्रज्ञ हार्टमुट हाइनरिख यांनी 1988 साली उत्तर अटलांटिकच्या गाळातले असे थर मांडले, त्यावरून प्राचीन काळी हिमनगांच्या झुंडी कधी सुटल्या ते कळतं. तळावरच्या त्या चरांना मी 'नांगरट' म्हणते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. वाक्य असं केलं: 'जमिनीवरचा बर्फ वितळतो तशी समुद्राची पातळी चढते आणि त्या भाराने समुद्रतळ दबतो.' 'नांगरट'ही घेते. पण हिमनगाने सोडलेल्या त्या दगडांना काय म्हणायचं? भाषांतरात 'पडलेले दगड' आहे, ते अगदीच मिळमिळीत वाटतंय.

प्रतिसाद

'हिमगोटे' चालेल का? गोटा म्हटलं की घासून गुळगुळीत झालेला दगड डोळ्यांपुढे येतो, आणि यातले बरेच धारदार कडांचे असतात. त्यापेक्षा 'हिमवाहित दगड' बरं.