मदत हवी आहे: कोन फिल्टर बसवल्यापासून चेक इंजिन लाइट

मंडळी, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीचा मूळ एअरबॉक्स (एअर फिल्टरचा बंद डबा) काढून कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर, आणि जाड पाइप बसवला. आवाज झकास, पण पी०१७१ कोड आला, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मॅफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) काढला तर तारेवर तेलाचा चिकट थर! फिल्टरला तेल सढळ हाताने चोपडलं होतं, चूक माझीच. मॅफ क्लीनरने धुतला, तरी आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये करतो ती वाढ-घट, +१४ टक्के. २५०० आरपीएमला मात्र +३. सेन्सरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, कुठून हवा चोरून आत जातेय का? क्लॅम्प घट्ट आहेत. पाइपचा व्यास वाढल्यामुळे म्हणावं, तर ते वरच्या आरपीएमलाही दिसायला हवं ना?

शिवाय ट्रॅफिकमध्ये रखडलं की गाडी मरगळते, फिल्टर रेडिएटरच्या मागेच आहे. हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) पुरेल, की मूळ एअरबॉक्सच परत लावू?