मदत हवी आहे: सुरतेच्या डोडोंचा फारसी किंवा पोर्तुगीज कागदांतला माग

मॉरिशस बेटावरचा डोडो हा न उडणारा पक्षी कसा संपला यावर एक लेख लिहितोय. 1598 मध्ये डच उतरले; मग डुकरं, माकडं, उंदीर आले, जंगल तुटलं आणि 1662 च्या नोंदीनंतर खात्रीचं दर्शन नाही. नंतरच्या नोंदींत 'डोडो' हे नाव तिथल्याच लाल पाणकोंबडीसारख्या दुसऱ्या पक्ष्याला लावलेलं दिसतं, म्हणून त्या मी बाजूला ठेवल्यात.

अडलोय ते आपल्याकडच्या धाग्यावर. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी 1628 ते 1634 दरम्यान भारतात होता. मॉरिशसहून आणलेले दोन डोडो सुरतेच्या वखारीत पाहिल्याचं तो लिहितो. त्याच सुमाराचं, जहांगीरचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरचं मानलं जाणारं डोडोचं चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात सापडलं. तपकिरी, गुबगुबीत, चोच खाली वळलेली. शेजारी इतर पक्षी.

जहांगीरच्या आठवणींचं इंग्रजी भाषांतर चाळलं. त्याचा अधिकारी मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेल्या टर्कीचं झकास वर्णन मिळालं (डोक्याचा रंग सरड्यासारखा बदलतो म्हणे!), डोडो मात्र नाही. मंडीचं प्रवासवर्णन वाचून झालंय, ते कृपया सुचवू नका. मला फारसी येत नाही, पोर्तुगीज शब्दकोश घेऊन जेमतेम. पणजीला दोनच दिवस जाता येईल.

तर, तेव्हाच्या फारसी कारकुनाने असा न उडणारा पक्षी कोणत्या शब्दाने नोंदवला असेल? आणि पणजीच्या पुराभिलेखागारात जहाजांवरच्या मालाच्या याद्या पाहायच्या, तर 1600 ते 1630 साठी नेमके कोणते दफ्तर मागवायचे?