मदत हवी आहे: लाल बटण दाबल्यावर घरातल्या रोबोने नेमकं काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझे दोन मित्र गेली दोन वर्षं घरात वावरणारा मानवाकृती रोबो बनवतोय. उंची १२० सेंमी, वजन २८ किलो, दोन हात, दोन पाय. जमिनीवर पडलेली वस्तू उचलून देणं, पाण्याचा पेला आणून देणं, एवढीच कामं. माझी आई वॉकर घेऊन चालते, तिला वाकता येत नाही. तिच्यासाठीच हे सगळं सुरू केलं.

मागच्या आठवड्यात चाचणी चालू असताना रोबोचा हात झटके देऊ लागला, म्हणून मी इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण दाबलं. सगळ्या मोटरांची वीज गेली आणि रोबो जेमतेम सेकंदभरात पुढच्या बाजूला कोसळला. समोरच्या खुर्चीचा हात मोडला. दहा मिनिटांपूर्वी आई त्याच खुर्चीत बसली होती. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

हिशेब करून पाहिला. उभा असताना गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमीवर, आडवा झाल्यावर १० सेंमीवर. म्हणजे पडताना सुमारे १६५ ज्यूल ऊर्जा मोकळी होते. दहा किलोचं पोतं १.७ मीटरवरून पडावं तेवढी! हाताचा वेग आणि पकडीचा जोर यांवर आम्ही महिनेच्या महिने घालवले. माणसासोबत काम करणाऱ्या रोबोंसाठीच्या आयएसओ/टीएस १५०६६ (२०१६) या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमावलीत चेहरा दाबला गेल्यास ६५ न्यूटनची मर्यादा दिली आहे, आमचा हात त्याच्या आत राहावा म्हणून धडपडलो. आणि अख्खं धड पडेल तेव्हा काय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कारखान्यातला रोबो हात जमिनीला बोल्टांनी जखडलेला असतो, त्याची वीज तोडली की तो सुरक्षित. आमचा रोबो वीज आहे म्हणूनच उभा आहे.

तर उभ्या रोबोची ‘सुरक्षित अवस्था’ कोणती समजायची? कुणी यावर काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद – यंत्रवेडा

तुमचं बटण आयईसी ६०२०४-१ या यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या मानकाच्या भाषेत श्रेणी ० चं आहे, म्हणजे तत्काळ वीज बंद. त्याच मानकात श्रेणी १ पण आहे: आधी नियंत्रित थांबा, मग वीज बंद. इमर्जन्सी स्टॉपसाठी दोन्ही चालतात. बटण दाबलं की गुडघे वाकवून खाली बसायचं आणि मग वीज तोडायची.

मुख्य प्रोसेसर अडकला असेल तर बसणार कोण, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी वेगळा छोटा सुरक्षा कंट्रोलर ठेवा, ठरलेल्या वेळेत रोबो बसला नाही तर तो वीज तोडेल. आणि वीज तुटताना मोटरांच्या वाइंडिंगची (आतल्या तारेच्या वेटोळ्यांची) टोकं रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, एकमेकांना जोडून टाका. मोटर फिरताना स्वतःच रोध निर्माण करते, सांधे घट्ट तेलात असल्यासारखे हळू वाकतात. यात सॉफ्टवेअर लागत नाही. पडणं थांबणार नाही, पण आघात कमी होईल.

गिअरबॉक्सचं गुणोत्तर किती आहे, म्हणजे सांध्याच्या एका फेऱ्यासाठी मोटर किती फेरे फिरते?

धागाकर्ता

मनापासून आभार. खांद्यात १००:१, गुडघ्यात १०:१.

यंत्रवेडा

गुडघ्याचं ठीक आहे. खांद्याचं बदला. रोटरचं, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाचं जडत्व बाहेर सांध्याच्या बाजूला गुणोत्तराच्या वर्गाने वाढून जाणवतं, १००:१ ला ते दहा हजार पट होतं. हात दिसायला हलका, पण आदळला तर जड हातासारखा लागतो. सेन्सरला धक्का कळेपर्यंत मार बसलेला असतो.

प्रतिसाद – सांजसावली

मी इंजिनिअर नाही, वृद्धांच्या शुश्रूषेत बरीच वर्षं काम करते. दोन गोष्टी मनात आल्या त्या लिहिते.

लाल बटण माणूस कधी दाबेल? बोट सांध्यात अडकलं म्हणूनही दाबेल. आणि त्याच क्षणी तुमचा रोबो गुडघे मिटून खाली बसला तर? मांडी आणि पोटरीच्या मध्ये बोट असेल तर ते आणखी चिरडेल.

दुसरं जास्त काळजीचं. वयस्कर माणसाचा तोल गेला की हाताला जे लागेल ते तो धरतो. टेबल, पडदा, काहीही. तुमच्या आई तोल जाताना रोबोचा खांदा धरणारच, तुम्ही कितीही सांगितलंत तरी. धरलेला आधार हलला तर माणूस आधाराशिवाय पडला असता त्याहून वाईट पडतो, कारण त्याने आपला भार आधीच टाकलेला असतो. दादा, पाय हवेतच कशाला? घरात जिने नसतील तर रुंद चाकांच्या बैठकीवर उभा करा.

धागाकर्ता

ताई, तुमचा प्रतिसाद आम्ही तिघांनी एकत्र बसून वाचला. बोटाचा मुद्दा आमच्याकडून पूर्ण निसटला होता. चिरडण्याच्या धोक्यासाठी आयएसओ १३८५४ या मानकात बोटाकरता किमान २५ मिमी फट सांगितली आहे, आमच्या गुडघ्यात पूर्ण मिटल्यावर ९ मिमी उरते.

पाय काढायचं ठरवलं आहे. दोन वर्षांचं काम बाजूला ठेवताना जड जातंय, पण आईच्या शेजारी ते उभं करण्याची हिंमत आता माझ्यात नाही. आता अर्धा मीटर रुंद बैठक, बॅटरी तळाशी. वीज गेली तरी उभा राहील, खांद्यांना ब्रेक असतील.

पण ताईंच्या दुसऱ्या मुद्द्याचं गणित अजून जुळत नाही. २८ किलो वजन, मध्यापासून कडेपर्यंत २५ सेंमी, खांदा ९० सेंमीवर. आडवी ओढ साधारण ७६ न्यूटन झाली की बैठक उलटते. म्हणजे पावणेआठ किलो वजनाइतका जोर. तोल गेलेला माणूस याहून किती तरी जास्त ओढेल. तळाशी वजन घालून एकूण ४० किलो केलं तरी आकडा १०९ न्यूटनच्या आसपास. बैठक आणखी रुंद केली तर दारातून आणि वॉकरच्या शेजारून जाणार नाही, वजन वाढवलं तर पायावर चाक चढण्याची भीती.

एक पर्याय सुचतोय: आई जवळ असताना धड खाली घ्यायचं, खांदे ६० सेंमीवर आणायचे, म्हणजे उभ्या माणसाचा हात सहज तिकडे जाणारच नाही आणि उलटायला लागणारा जोर दीडपट होईल. ताई, तोल जाताना माणूस साधारण किती उंचीवर हात टाकतो? कमरेच्या खालची वस्तू धरतो का?