माल्डी इमेजिंगमध्ये चित्र धुरकट येतंय, लेझर गेला का?

पवईवाला: माल्डी इमेजिंग म्हणजे लेझरने ठिपक्या-ठिपक्याने रेणू उडवून, त्यांचं वस्तुमान मोजून काढलेलं चित्र. उंदराच्या मेंदूचा 10 मायक्रॉन जाडीचा सेक्शन (काप), मॅट्रिक्स (लेझरची ऊर्जा शोषून रेणू उडवायला मदत करणारा लेप) डीएचबी, स्प्रेने मारलंय. पिक्सेल 20 मायक्रॉन ठेवला तरी लिपिडचं चित्र फिसकटल्यासारखं, कडाच नाहीत. मेपर्यंत झकास येत होतं. लेझरचा फोकस गेला असेल का?

खडूस_केमिस्ट: लेझरला कशाला शिव्या, आधी स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघा की. डीएचबीचे खडे पिक्सेलपेक्षा मोठे असतील तर लेझर कितीही बारीक करून काय उपयोग, शिवाय स्प्रे ओला पडला की लिपिड विरघळून शेजारच्या पिक्सेलात वाहत जातात. सब्लिमेशन करा (मॅट्रिक्सची थेट वाफ करून स्लाइडवर बसवा), सॉल्व्हंटची भानगडच नाही नि खडेही बारीक.

ठाणेकरीण: मेपर्यंत म्हणताय ना, मग पाऊस हो! उणे 80 च्या फ्रीजरमधून काढलेला डबा मुंबईच्या हवेत उघडला की स्लाइडला ताकाच्या ग्लाससारखा घाम फुटतो. डबा बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात).

पवईवाला: लगेच उघडत होतो 🙈 आता पिक्सेल 10 मायक्रॉनवर घेऊ?

खडूस_केमिस्ट: 5 मिमीच्या चौकोनाला 50 मायक्रॉनवर 10 हजार पिक्सेल, 10 वर अडीच लाख, आणि दर पिक्सेलला आयन कमी, म्हणजे सिग्नल फिका, ते वेगळंच. आधी छोटा कोपरा घेऊन बघा.